सी मध्ये रेफरन्स काउंट: रिटेन कुठे करायचा आणि रिलीज कुणी करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या कळमन्याच्या बाजारातल्या एका अडत्याकरिता शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या तयार करणारा प्रोग्राम तुम्ही सी मध्ये लिहिताय. संत्र्याचा भाव टनावर, मिरचीचा क्विंटलवर, कुणाच्या पट्टीत गाडीभाडे आहे, कुणाच्या नाही. म्हणून ठरावीक स्ट्रक्ट न करता तुम्ही ‘व्हॅल्यू’ नावाचा एकच डायनॅमिक टाइप केला. त्यात आकडा, स्ट्रिंग, यादी, मॅप यांपैकी काहीही बसते. त्याला रेफरन्स काउंट लावला, म्हणजे ऑब्जेक्टचे मालक किती याची मोजणी: रिटेन ती एकने वाढवतो, रिलीज एकने कमी करतो, आणि ती शून्यावर आली की मेमरी मोकळी होते. याद्या अ‍ॅरेवर बांधल्या आहेत; लॉटमध्ये, म्हणजे आलेल्या मालाच्या एका नोंदीत, शेतकऱ्याचा पॉइंटर आहे आणि शेतकऱ्याकडे त्याच्या लॉटांची यादी. आता प्रोग्राम कधी डबल फ्रीने (तीच मेमरी दोनदा मोकळी केल्याने) पडतो, तर कधी दिवसभर मेमरी वाढत राहते. एक रिलीज काढला की लीक (कधीच मोकळी न होणारी मेमरी), तोच परत टाकला की क्रॅश. काउंट कुठे वाढवायचा आणि कुठे कमी करायचा याचा काही पक्का नियम आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

नियम आहे. पण तो ‘या ओळीनंतर रिटेन’ अशा स्वरूपाचा नाही, म्हणूनच रिटेन-रिलीज इकडेतिकडे हलवून तो सापडत नाही. तुमच्या वर्णनावरून वाढवण्या-कमी करण्याचा कोड ठीक दिसतो. तो चार ओळींचा असतो, त्यात चुकायला फारशी जागाच नसते. ठरलेले नाही ते हे की तुमचे प्रत्येक फंक्शन हातात आलेल्या ऑब्जेक्टचा मालक होते की नुसते बघून परत देते. काउंट म्हणजे एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरांची संख्या, असा समज बहुतेकांचा असतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सातबाऱ्याचा विचार करा. बांधावरून कितीही जण चालत जावोत, मक्त्याने घेऊन कुणी वर्षभर ती जमीन कसो, मालकांच्या नावात त्यांचे नाव येत नाही. फेरफार झाला तरच नाव चढते किंवा उतरते. काउंटमध्ये फक्त मालक मोजायचे. रिटेन आणि रिलीज हे ते दोन फेरफार. एखाद्या ऑब्जेक्टला वीस पॉइंटर असतील आणि काउंट दोनच असेल, तर त्यात चूक काही नाही.

उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत. पहिली, प्रोग्राम किती वेळ चालतो. सकाळी फाइल वाचली, पट्ट्या छापल्या, बंद झाला, असे असेल तर माझा सल्ला सरळ आहे: रेफरन्स काउंट काढून टाका. मेमरीचा एक मोठा अरीना घ्या, त्यातून पुढेपुढे जागा देत जा आणि पट्टी छापून झाली की अख्खा अरीना एकदम मोकळा करा. अपाची वेब सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टसाठी असाच मेमरी पूल वापरतो. रिक्वेस्ट संपली की तिच्यातले सगळे एकत्रच जाते, कुणी काही मोजत बसत नाही. सगळ्या ऑब्जेक्टांचे आयुष्य एकाच वेळी संपत असेल तर काउंट हा विनाकारण खर्च आहे. पण तुम्ही ‘दिवसभर मेमरी वाढते’ लिहिलेय, म्हणजे प्रोग्राम उघडून ठेवलेला असतो, भाव बदलत राहतात, एकाच शेतकऱ्याचे नाव चार पट्ट्यांत वापरले जाते आणि त्यातली कोणती पट्टी शेवटी बंद होईल हे आधी सांगता येत नाही. तिथे रेफरन्स काउंट योग्यच आहे, आणि पुढचे सगळे तेच धरून लिहितो. दुसरी गोष्ट म्हणजे थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी स्वतंत्र कामे. एकच थ्रेड असल्याचे धरून चालतो; एकाहून जास्त असतील तर काय बदलते ते नंतर येईल.

मांडणीपासून सुरू करू. प्रत्येक ऑब्जेक्टच्या स्ट्रक्टमध्ये पहिला मेंबर एक छोटा हेडर असू द्या: त्यात काउंट आणि टाइपकडे जाणारा पॉइंटर. स्ट्रक्टचा पॉइंटर त्याच्या पहिल्या मेंबरच्या पॉइंटरमध्ये कास्ट करता येतो आणि उलटही करता येते, याची हमी सी चे स्टँडर्ड देते, त्यामुळे यादी असो की स्ट्रिंग, रिटेन-रिलीजला हेडर तेवढा दिसला की पुरते. टाइप म्हणजे फंक्शन पॉइंटरांचा एक स्थिर तक्ता: नष्ट कसे करायचे, तुलना कशी करायची, छापायचे कसे. सीपायथॉनचा (सी मध्ये लिहिलेल्या मूळ पायथॉनचा) प्रत्येक ऑब्जेक्ट असाच सुरू होतो. 64 बिट मशीनवर नेहमीच्या बिल्डमध्ये हा हेडर 16 बाइटचा असतो. तुमचे टाइप चारच आहेत, तेव्हा फंक्शन पॉइंटरांऐवजी टॅग आणि स्विच ठेवलात तरी बिघडत नाही. मी स्वतः टाइप पाच-सहाच्या वर जाईपर्यंत स्विचच ठेवतो, कारण नवा टाइप आला आणि एखादा केस राहिला तर कंपायलर तरी सांगतो.

आकड्यांसाठी मात्र वेगळा ऑब्जेक्ट करू नका. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळे आकडेच. प्रत्येकाला मॅलॉक आणि काउंट लावणे म्हणजे आठ बाइटच्या आकड्यासाठी दुप्पट-तिप्पट ओझे. व्हॅल्यूलाच 16 बाइटचा छोटा स्ट्रक्ट करा: एक टॅग आणि एक युनियन. आकडा असेल तर तो युनियनमध्येच, मोजणी नाही. स्ट्रिंग, यादी, मॅप असेल तर युनियनमध्ये पॉइंटर आणि मोजणी त्या पॉइंटरच्या टोकाशी असलेल्या ऑब्जेक्टमध्ये. पीएचपी या भाषेने 2015 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत हेच केले. त्याआधी तिथे साध्या पूर्णांकालाही काउंट होता. नंतर काउंट व्हॅल्यूमधून निघून स्ट्रिंग-अ‍ॅरेसारख्या मोठ्या गोष्टींमध्ये गेला. रेडिस या डेटाबेसने निराळा मार्ग घेतला: 0 ते 9999 पर्यंतच्या पूर्णांकांचे ऑब्जेक्ट आधीच करून ठेवले आणि सगळीकडे तेच वाटून वापरले. हिशोबाच्या कामाला मला पीएचपीची पद्धत बरी वाटते.

आता मुख्य भाग. मी ज्या नियमांवर काम करतो ते तीन आहेत. फंक्शनला दिलेला ऑब्जेक्ट उसना असतो: कॉल चालू आहे तोवर वापरा, रिलीज करू नका, कॉल संपल्यानंतरही ठेवायचा असेल तरच रिटेन करा. फंक्शनने परत दिलेला ऑब्जेक्ट घेणाऱ्याच्या मालकीचा असतो: त्याने तो कधीतरी रिलीज केलाच पाहिजे. आणि स्ट्रक्टच्या फील्डमध्ये किंवा यादीच्या खणात ठेवलेला पॉइंटर हा मालक असतो: ठेवताना रिटेन, काढताना रिलीज. बस. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी केरेफ नावाची सोय आहे, तिच्या दस्तऐवजातला पहिला नियमही याच अर्थाचा आहे: पॉइंटरची तात्पुरती नसलेली नक्कल करत असाल तर आधी काउंट वाढवा. ‘तात्पुरती नसलेली’ यावर लक्ष द्या. लोकल व्हेरिएबलमध्ये पॉइंटर घेतला म्हणून रिटेन लागत नाही.

या तीन नियमांतून सूट घ्यायची असेल तर ती फंक्शनच्या नावात दिसली पाहिजे. कॉमेंटमध्ये नको, नावातच. कॉमेंट वाचायला कुणी हेडर फाइल उघडत नाही, नाव मात्र कॉलच्या ओळीत समोरच असते. याचे महत्त्व सीपायथॉनच्या सी एपीआयमध्ये फार चांगले दिसते. तिथे पायलिस्ट_सेटआयटम तुमच्या हातातली मालकी स्वतःकडे घेते, पण पायडिक्ट_सेटआयटम घेत नाही, स्वतःची वेगळी मालकी नोंदवते. पायलिस्ट_गेटआयटम उसना पॉइंटर देते, तर पायसीक्वेन्स_गेटआयटम मालकीचा. चारही नावे सारख्या घडणीची, करार चार तऱ्हांचे. पायथॉनला सी मधून जोड देणारी एक्स्टेन्शन लिहिणारे याला वर्षानुवर्षे अडखळत आले आहेत. 3.13 व्या आवृत्तीत पायलिस्ट_गेटआयटमरेफ नावाचे वेगळे फंक्शन आले, ते यादीतला घटक मालकीसह देते, आणि नावाच्या शेवटी ते स्पष्ट दिसते.

उसना पॉइंटर परत देणे इतके धोक्याचे का? तुमच्याच प्रोग्राममधला प्रसंग घ्या. यादी_घे ने पट्टीच्या पहिल्या खणातून शेतकऱ्याचे नाव उसने आणले. पुढच्या ओळीत पट्टी_दुरुस्त ला बोलावले, त्याने त्या खणात नवे नाव बसवले. जुन्या नावाची शेवटची मालक ती यादीच होती, म्हणून स्ट्रिंग तिथेच मोकळी झाली. त्यानंतरच्या ओळीत तुम्ही तो जुना पॉइंटर छापायला दिला. कधी बरोबर नाव छापले जाईल, कधी कचरा, कधी क्रॅश. दोन्ही फंक्शने वेगवेगळी वाचली तर दोन्हींत दोष दिसत नाही, त्यामुळे अशी चूक शोधायला फार वेळ जातो. म्हणून यादी_घे ने रिटेन करूनच द्यावे. एक वाढीव रिटेन-रिलीज लागतो खरा, पण पट्ट्यांच्या प्रोग्राममध्ये तो वेळ मोजताही येणार नाही. एखाद्या आतल्या लूपमध्ये खरोखर जड झाला तर तिथे यादी_उसना_घे असे वेगळे फंक्शन ठेवा.

तुमची मेमरी वाढते त्यामागचे पहिले कारण जवळजवळ नक्की हे असेल:

यादी_जोड(पट्टी, स्ट्रिंग_नवी("हमाली"));

ही ओळ दिसायला स्वच्छ आहे. पण हिशोब करा. स्ट्रिंग_नवी ने काउंट 1 असलेली स्ट्रिंग दिली. ती मालकी बोलावणाऱ्याची, म्हणजे तुमची. यादी_जोड ने आपली मालकी नोंदवली, काउंट 2 झाला. यादी नष्ट होताना तो 1 वर येईल आणि तिथेच राहील, कारण तुमच्या वाट्याची मालकी कोणत्याच व्हेरिएबलमध्ये नाही; रिलीज करायला हाताशी पॉइंटरच उरला नाही. आणि हे बघून जर तुम्ही यादी_जोड मधला रिटेन काढला असेल, तर ही ओळ सुधारली, पण जिथे आधीपासून हातात असलेली स्ट्रिंग दोन याद्यांत टाकली होती तिथे डबल फ्री सुरू झाला. ‘रिलीज काढला की लीक, टाकला की क्रॅश’ याचा उलगडा बहुधा इथेच आहे: एकाच फंक्शनकडून तुमच्या कोडच्या अर्ध्या भागाची एक अपेक्षा आहे आणि उरलेल्या अर्ध्याची दुसरी.

खिडक्या-बटणांसाठीच्या जीटीके या लायब्ररीच्या लोकांनी यावर ‘फ्लोटिंग रेफरन्स’ काढला. नवा ऑब्जेक्ट कुणाच्याच नावावर नसतो, पहिला कंटेनर ती मालकी आपल्या नावावर करून घेतो. बटण करून थेट खिडकीत टाकणाऱ्या कोडला हे सोयीचे पडते. तुम्ही मात्र याची नक्कल करू नये असे मला वाटते. प्रत्येक ऑब्जेक्टला आणखी एक अवस्था जोडली जाते आणि ती दिसत नाही. त्यापेक्षा दोन फंक्शने ठेवा. यादी_जोड नेहमी स्वतः रिटेन करणारे. यादी_सोपव हातातली मालकी काढून घेणारे. वरची ओळ सोपव ने लिहिली की हिशोब जुळतो.

सोपव लिहिताना एक ठरवून घ्या: यादी वाढवताना मेमरी मिळाली नाही आणि काम फसले तर त्या ऑब्जेक्टचे काय? माझे उत्तर ठाम आहे: फसले तरी मालकी गेली, सोपव नेच त्याला रिलीज करायचे. पायलिस्ट_सेटआयटम असेच वागते. याउलट पायमॉड्यूल_अ‍ॅडऑब्जेक्ट काम जमले तरच मालकी घेते, फसले तर तुमच्याकडेच ठेवते. असल्या अर्ध्या करारामुळे बोलावणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी दोन वाटा लिहाव्या लागतात आणि फसण्याची वाट कुणी तपासत नाही. 3.10 मध्ये त्याच्या जोडीला सरळ वागणारे फंक्शन आणावे लागले.

खणातली वस्तू बदलण्याचा क्रमही पक्का करून ठेवा:

व्हॅल्यू जुना = यादी->घटक[क्र];
रिटेन(नवा);
यादी->घटक[क्र] = नवा;
रिलीज(जुना);

नव्याचा रिटेन आधी, कारण नवा आणि जुना एकच ऑब्जेक्ट असू शकतो. आधी रिलीज केला आणि काउंट 1 होता, तर रिटेन करायला काही उरणार नाही. आणि जुन्याचा रिलीज अगदी शेवटी, खण भरून झाल्यावर. याचे कारण थोडे खोल आहे. रिलीज ही नेहमी लहान क्रिया नसते. काउंट शून्यावर आला तर नष्ट करण्याचे फंक्शन चालते, ते आतल्या ऑब्जेक्टांना रिलीज करते, त्यांची नष्ट करणारी फंक्शने चालतात, आणि त्यांपैकी एखादे फिरून याच यादीकडे बघू शकते. त्या क्षणी यादीत अर्धवट मेलेला पॉइंटर असता कामा नये. सीपायथॉनमधला पाय_क्लिअर हा मॅक्रो याचसाठी आधी फील्ड नल (कशाकडेच न दाखवणारा पॉइंटर) करतो, मग काउंट कमी करतो. रिलीजच्या ओळीकडे बघताना ‘इथे कोणताही कोड चालू शकतो’ असे धरूनच बघत जा.

चुकीच्या वाटेवरचे लीक वेगळे असतात. फंक्शनमध्ये तीन ऑब्जेक्ट तयार केले, तिसऱ्याला अडचण आली, मधूनच रिटर्न केले, पहिले दोन राहिले. यावर जुना उपाय चांगला आहे: सगळे पॉइंटर सुरुवातीलाच नल, बाहेर पडायची वाट एकच, आणि अडचण आली की गोटूने तिथे जायचे. रिलीजला नल दिले तर त्याने काही करू नये, जसे फ्री ला नल चालते तसे. जीसीसी किंवा क्लँग वापरत असाल तर क्लीनअप अ‍ॅट्रिब्यूटही आहे: व्हेरिएबलचा स्कोप संपताच ठरवलेले फंक्शन आपोआप चालते. जीलिब या सी लायब्ररीचे जी_ऑटोपीटीआर त्यावरच उभे आहे आणि 2023 पासून लिनक्स कर्नलनेही ती पद्धत घेतली. फक्त मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर ते मिळत नाही. अडत्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज असेल आणि तुम्ही व्हिज्युअल स्टुडिओने बिल्ड करत असाल, तर गोटूच बरा.

आता वर्तुळाकडे येऊ, कारण वरचे सगळे बिनचूक केले तरी ही गळती राहते. तुमच्या वर्णनात लॉटमध्ये शेतकऱ्याचा पॉइंटर आहे आणि शेतकऱ्याकडे त्याच्या लॉटांची यादी आहे. दोघे एकमेकांचे मालक. बाहेरच्या सगळ्यांनी रिलीज केले तरी शेतकऱ्याला लॉट धरून ठेवतो आणि लॉटला शेतकरी. काउंट कुणाचाच शून्यावर येत नाही. उन्हाळ्यात लॉट थोडे असतात तोवर हे जाणवणारही नाही, आंबिया बहाराच्या संत्र्यांचा हंगाम सुरू झाला की मेमरी फुगलेली दिसेल. ही रेफरन्स काउंटची मूळची मर्यादा आहे. जॉर्ज कॉलिन्स यांनी ही पद्धत 1960 मध्ये मांडली आणि 1963 मध्येच हॅरॉल्ड मॅकबेथ यांनी दाखवून दिले की वर्तुळात अडकलेल्या याद्या अशा मोजणीने कधीच मोकळ्या होत नाहीत. पायथॉनने यासाठी 2.0 या आवृत्तीपासून, म्हणजे 2000 पासून, काउंटच्या जोडीला वर्तुळे शोधणारा वेगळा कलेक्टर ठेवला आहे. तिथे तो लागतोच, कारण पायथॉन वापरणारा काय जोडेल ते आधी सांगता येत नाही. तुमच्या प्रोग्राममध्ये मात्र कोण कुणाला जोडले जाणार हे तुम्हीच ठरवता, म्हणून कलेक्टर लिहिण्याच्या फंदात पडू नका.

त्याऐवजी मालकीची दिशा ठरवा. शेतकरी आपल्या लॉटांचा मालक. लॉट शेतकऱ्याचा मालक नाही. लॉटमधला शेतकऱ्याचा पॉइंटर मोजायचा नाही, आणि शेतकऱ्याला नष्ट करणाऱ्या फंक्शनने आधी आपल्या सगळ्या लॉटांमधला तो पॉइंटर नल करायचा, मग त्यांना रिलीज करायचे. हा नल करण्याचा भाग लोक विसरतात. लॉट दुसऱ्या कुणी, समजा दिवसाच्या आवकेच्या यादीने, धरून ठेवला असेल तर शेतकरी गेल्यानंतरही लॉट जिवंत राहतो आणि त्यातला पॉइंटर मेलेल्या जागेकडे बघत राहतो. तुमच्या कामात मी आणखी पुढे जाईन: लॉटमध्ये पॉइंटर ठेवूच नका, शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांक ठेवा आणि लागेल तेव्हा मुख्य तक्त्यातून शोधा. हॅश टेबलमधला एक शोध स्वस्त असतो. क्रमांक शिळा झाला तर ‘सापडला नाही’ असे स्वच्छ उत्तर मिळते, क्रॅश होत नाही. शिवाय पट्टी डिस्कवर लिहायची वेळ येते तेव्हा पॉइंटर लिहिता येत नाही, क्रमांक येतो. जिथे दोन गोष्टी खऱ्या व्यवहारात एकमेकींना ओळखतात, तिथे मी पॉइंटरपेक्षा क्रमांकच पसंत करतो.

मोजणीचा एक फायदाही सांगायला हवा, कारण तो वापरला नाही तर एवढी मेहनत पूर्ण वसूल होत नाही. काउंट 1 असेल तर हा ऑब्जेक्ट आपल्याशिवाय कुणाचा नाही, हे तुम्हाला कळते. समजा हमाली, तोलाई, गाडीभाडे यांची एक ठरलेली कपात यादी दिवसभरातल्या सगळ्या पट्ट्या वाटून वापरतात. एका शेतकऱ्याचे गाडीभाडे नाही, त्याच्या पट्टीत ती ओळ काढायची आहे. बदल करणाऱ्या फंक्शनने काउंट बघावा: 1 असेल तर जागेवरच बदल, जास्त असेल तर नक्कल करून नकलेत बदल, आणि आपली जुनी मालकी सोडून द्यायची. बाकीच्या पट्ट्यांना धक्का लागत नाही आणि नक्कल फक्त गरजेपुरती होते. पीएचपीतले अ‍ॅरे असेच चालतात. मात्र यासाठी दोन पथ्ये आहेत. एक, स्ट्रिंग तयार झाल्यावर तिच्यात कधीच बदल करायचा नाही. बदल म्हणजे नवी स्ट्रिंग. दुसरे, ज्या यादीचा उसना पॉइंटर कुणाच्या हातात असू शकतो तिच्यावर हा जागेवरचा बदल चालवायचा नाही, कारण उसना घेणारा काउंटमध्ये दिसत नाही.

एकमेकांत गुंतलेल्या रचनेबद्दल एक इशारा. एका नोडने पुढच्या नोडचा मालक व्हायचे, अशी लिंक्ड लिस्ट करून तिच्यात लाखो नोंदी टाकल्यात, तर पहिला नोड सोडताच रिलीज स्वतःलाच लाखो वेळा बोलावेल आणि स्टॅक संपेल. लिनक्सवर मुख्य थ्रेडचा स्टॅक साधारणपणे 8 एमबीचाच असतो. तुमची यादी अ‍ॅरेवर बांधलेली आहे म्हणून तुम्हाला हा त्रास नाही, याद्यांमध्ये याद्या किती खोल जातात तेवढाच प्रश्न. पुढे कधी गरज पडली तर नष्ट व्हायच्या ऑब्जेक्टांची एक प्रतीक्षा यादी करून ती लूपने रिकामी करता येते. सीपायथॉनमध्ये यासाठी ‘ट्रॅशकॅन’ नावाची यंत्रणा आहे.

थ्रेडबद्दल. भाव आणणारा एक थ्रेड आणि पट्ट्या करणारा दुसरा असेल, तर काउंट साधा इंट चालणार नाही. सी 11 मधले अ‍ॅटॉमिक वापरा, म्हणजे काउंट बदलताना दुसरा थ्रेड मध्ये घुसू शकत नाही. वाढवताना मेमरी ऑर्डर (थ्रेडांना एकमेकांचे बदल कोणत्या क्रमाने दिसावेत याची अट) रिलॅक्स्ड पुरते, कारण वाढवणाऱ्याच्या हातात आधीच एक वैध मालकी असते. कमी करताना रिलीज ऑर्डर (हा मेमरी ऑर्डरचा प्रकार, आपले रिलीज फंक्शन नव्हे) लागते, आणि जो शून्यावर आणतो त्याने नष्ट करण्याआधी अ‍ॅक्वायर फेन्स घालावा, म्हणजे बाकीच्या थ्रेडांनी ऑब्जेक्टमध्ये केलेले बदल त्याला पूर्ण दिसतात. पण एवढ्याने ऑब्जेक्ट थ्रेडसेफ होतो असे मानू नका. सुरक्षित झाला तो फक्त काउंट. यादीत दोघांनी एकदम जोडले तर ती बिघडेलच. आणि सगळ्यांच्या वापरातल्या तक्त्यातून पॉइंटर शोधणे आणि त्याला रिटेन करणे यांच्या मधल्या क्षणात दुसरा थ्रेड तो मोकळा करू शकतो, म्हणून या दोन्ही क्रिया एकाच लॉकखाली व्हायला हव्यात. तुमच्या जागी मी असतो तर थ्रेडांमध्ये व्हॅल्यू वाटल्याच नसत्या: भाव रांगेतून नक्कल करून पाठवायचे आणि काउंट साधा इंटच ठेवायचा.

काउंट ओव्हरफ्लो होईल का, म्हणजे मावेल त्याहून मोठा होऊन फिरून शून्यावर येईल का, ही शंका 64 बिट काउंट ठेवलात तर सोडून द्या. 32 बिटचा असेल आणि कुठे लीक असेल तर ती खरी शंका आहे: 2016 मध्ये उघड झालेल्या लिनक्स कर्नलच्या कीरिंगमधल्या (गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातल्या) दोषात नेमके हेच होते. एका वाटेवर काउंट कमी व्हायचा राहत होता. ती वाट पुन्हा पुन्हा चालवून काउंट फिरवून शून्यावर आणता येत होता, आणि वापरात असलेला ऑब्जेक्ट मोकळा होत होता. पुढच्याच वर्षी कर्नलमध्ये रेफकाउंट_टी हा वेगळा टाइप आला, तो टोकाला पोचला की तिथेच थांबतो, फिरत नाही.

आता तुमच्या हातातल्या कोडचे काय करायचे. रिटेन-रिलीज हलवणे आज थांबवा. हेडर फाइल उघडा आणि व्हॅल्यू घेणारे किंवा देणारे प्रत्येक फंक्शन वरच्या तीन नियमांत बसते का ते बघा. बसत नसेल तर नाव बदला किंवा कोड बदला. फ्री चा कॉल अख्ख्या प्रोग्राममध्ये व्हॅल्यूसाठी एकाच ठिकाणी, रिलीजच्या आतच, उरला पाहिजे. रिटेन आणि रिलीज दोन्हींत ‘काउंट शून्याहून मोठा आहे’ असा असर्ट (अट मोडली की प्रोग्राम तिथेच थांबवणारी तपासणी) घाला. प्रत्येक टाइपचे किती ऑब्जेक्ट जिवंत आहेत याचा एक आकडा ठेवा आणि प्रोग्राम बंद होताना छापा. स्ट्रिंग 0, यादी 0, मॅप 0 यायला हवे. स्ट्रिंग उरत असतील आणि यादी नाही, तर वर सांगितलेली स्ट्रिंग_नवी ची ओळ शोधा. यादी आणि मॅप जोडीने उरत असतील तर वर्तुळ आहे.

मग अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून बिल्ड करा. डबल फ्री आधी त्यानेच पकडा, कारण तो ऑब्जेक्ट कुठे तयार झाला, पहिल्यांदा कुठे मोकळा झाला आणि दुसऱ्यांदा कुठे, या तिन्ही जागा दाखवतो. लीकसाठी व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारे साधन पूर्ण लीक तपासणीसह चालवा. मोकळे झालेले ऑब्जेक्ट परत वापरण्यासाठी स्वतःचा पूल ठेवला असेल तर तपासणीच्या बिल्डमध्ये तो बंद करा, नाहीतर या साधनांना काहीच दिसणार नाही. तेवढे करूनही एखादा ऑब्जेक्ट उरतच असेल, तर रिटेन-रिलीजला मॅक्रोत गुंडाळून फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक नोंदवा, त्या एका ऑब्जेक्टची सगळी नोंद काढा आणि प्रत्येक रिटेनपुढे त्याचा रिलीज हाताने जुळवत जा. ज्याला जोडीदार मिळणार नाही ती ओळ आणि ती ज्या फंक्शनमध्ये आहे ते अख्खे फंक्शन इथे टाका, बघून सांगतो.